जुनी हिमालयन आणि कडाक्याची थंडी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही माहिती कोणत्या गाडीसाठी आणि कोणासाठी आहे?

रॉयल एनफिल्डची ४११ सीसीची हिमालयन २०१६ साली बाजारात आली आणि २०२३ च्या अखेरीस ४५० सीसीचे नवे मॉडेल आल्यावर तिचे उत्पादन थांबले. डांबरी रस्ता आणि कच्ची वाट या दोन्हींसाठी बनवलेली, एका सिलिंडरची, हवेवर थंड होणारी, सोबत ऑइल कूलर असलेली ही गाडी आज पुण्या-मुंबईपासून कोल्हापूर-नागपूरपर्यंत अनेकांकडे आहे आणि त्यातील बऱ्याच गाड्या आता दुसऱ्या किंवा तिसऱ्या मालकाच्या हाती आहेत. अशी जुनी गाडी घेऊन स्पिती, लाहौल किंवा लडाखकडे हंगामाच्या थंड टोकाला, म्हणजे ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये किंवा रस्ता नुकताच खुला झालेला असताना, जाणाऱ्यांसाठी ही उत्तरे आहेत. २०१६-१७ मधील पहिल्या गाड्यांना कार्बोरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळणारा यांत्रिक भाग) आहे, त्यानंतरच्या गाड्यांना फ्यूएल इंजेक्शन आहे. थंडीत या दोघींचे वागणे वेगळे असल्यामुळे जिथे फरक पडतो तिथे तो स्वतंत्रपणे सांगितला आहे. बऱ्याचशा सूचना हीरोच्या एक्सपल्स किंवा बंद झालेल्या इम्पल्ससारख्या गाड्यांनाही लागू पडतील.

थंडीमुळे जुनी गाडी खरोखर बिघडते का?

थंडी सहसा नवा बिघाड निर्माण करत नाही. आपण वर्षभर पुढे ढकललेली कामे ती एका पहाटेत उघडी पाडते. मुंबईच्या ३० अंशांत अर्धमेली बॅटरीही सेल्फ फिरवते, टॅपेट जरा घट्ट असले, म्हणजे व्हॉल्व्ह आणि तो उघडणारा भाग यांतील फट कमी असली, तरी गाडी सुरू होते, क्लच केबलमध्ये शिरलेले पाणी जाणवत नाही. हीच गाडी स्पितीतील काझाला उणे तापमानात रात्रभर उघड्यावर उभी राहिली की सकाळी या तिन्ही गोष्टी एकत्र समोर येतात आणि आपण त्याचे खापर थंडीवर फोडतो. म्हणून या विषयातील निम्म्याहून अधिक काम घरीच, निघण्यापूर्वी महिनाभर आधी करायचे असते.

निघण्यापूर्वी घरच्या मेकॅनिककडून काय करून घ्यावे?

सर्वांत आधी टॅपेट सेटिंग. बरेच जण टॅपेटचा आवाज आला की सेटिंग करतात. पण आवाज सैल टॅपेटचा येतो, घट्ट टॅपेटचा येत नाही, आणि थंडीत त्रास देतो तो घट्टच. जुन्या इंजिनात व्हॉल्व्ह आणि त्याची सीट झिजत जाते तशी, विशेषतः एक्झॉस्टकडची, फट कमी होत जाते. व्हॉल्व्ह पूर्ण बसला नाही तर कॉम्प्रेशन गळते आणि थंड इंजिन सुरू होताना जी थोडीफार ताकद हवी असते तीच नाहीशी होते. हे काम इंजिन पूर्ण थंड असतानाच, म्हणजे गाडी रात्रभर उभी राहिल्यानंतर सकाळी करायचे असते. गाडी चालवत गॅरेजला नेऊन अर्ध्या तासात सेटिंग करून घेतले तर मिळालेली फट खरी नसते. त्यामुळे आदल्या संध्याकाळीच गाडी गॅरेजमध्ये ठेवावी, आणि मेकॅनिक फीलर गेज (फट मोजण्याच्या पातळ पट्ट्या) न वापरता बोटांच्या अंदाजाने सेटिंग करत असेल तर नम्रपणे गेज वापरायला सांगावे.

दुसरे काम स्टीअरिंगच्या कोनसेटचे, म्हणजे हँडल ज्यावर फिरते त्या बेअरिंगचे. पुढचे चाक जमिनीपासून उचलून हँडल सावकाश दोन्हीकडे फिरवावे. मध्यभागी ते खाचेत अडकल्यासारखे थांबत असेल तर बेअरिंग बदलावे. थंडीत ग्रीस घट्ट होते आणि असे हँडल बर्फाळ रस्त्यावर बारीक दुरुस्त्या करू देत नाही. याच वेळी चाकांचे बेअरिंग, स्विंगआर्मचे ग्रीस आणि फोर्कचे ऑइल सील पाहून घ्यावेत. कडक झालेले जुने सील थंडीत पहिल्यांदा गळू लागते आणि गळलेले तेल पुढच्या डिस्कपर्यंत पोहोचू शकते.

बाकी कामे नेहमीचीच आहेत: नवा प्लग आणि सोबत एक सुटा, स्वच्छ एअर फिल्टर, चेन-स्प्रॉकेटची तपासणी, सर्व विद्युत जोडांची सफाई. इंजिन आणि कार्बोरेटर (किंवा थ्रॉटल बॉडी) यांना जोडणाऱ्या रबरी मॅनिफोल्डला चिरा गेल्या आहेत का, हे टॉर्चच्या उजेडात वाकून पाहावे. तिथून हवा शिरली की थंड गाडीचे आयडलिंग टिकत नाही.

या थंडीची चाचणी महाराष्ट्रात घेता येईल का?

काही प्रमाणात नक्कीच घेता येते. निफाड परिसरात हिवाळ्यातल्या काही पहाटे पारा ५ अंशांच्या आसपास किंवा त्याखालीही उतरतो आणि महाबळेश्वरच्या वेण्णा तलावाच्या काठी दवबिंदू गोठल्याच्या बातम्या आपण दरवर्षी वाचतो. अशा ठिकाणी गाडी रात्रभर बाहेर उभी करून पहाटे साडेपाचला सुरू करून पाहावी. तिथेच सेल्फ रडत असेल तर स्पितीत तो बोलणारच नाही. हातमोजे, जॅकेट आणि हेल्मेटची काच यांचीही परीक्षा याच फेरीत होते. लेहला जानेवारीत रात्रीचे तापमान उणे १० अंशांच्या खाली जाणे नेहमीचे असल्यामुळे निफाडची चाचणी पुरेशी नाही, पण ती न करता जाण्यापेक्षा फार बरी.

बॅटरी चांगली आहे हे कसे ओळखावे?

हॉर्न वाजतो आणि दिवा लागतो एवढ्यावरून काहीच कळत नाही. साधा डिजिटल मल्टिमीटर घ्यावा आणि तीन मोजमापे करावीत. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर, किल्ली न लावता, बॅटरी १२.६ ते १२.८ व्होल्ट दाखवत असेल तर ती पूर्ण भरलेली आहे. १२.४ म्हणजे साधारण तीन-चतुर्थांश आणि १२.२ म्हणजे जेमतेम अर्धी. नंतर मीटर तसाच लावून सेल्फ मारावा आणि आकडा कुठवर खाली जातो ते पाहावे. तो १० व्होल्टच्या खाली घसरत असेल तर मोकळ्या स्थितीत कितीही चांगला आकडा दिसला तरी ती बॅटरी थंडीत दगा देणार. शेवटी इंजिन चालू करून थोडी रेस द्यावी. मीटरने साधारण १३.८ ते १४.५ च्या दरम्यान दाखवले तर चार्जिंग ठीक आहे.

हे इतक्या बारकाईने सांगण्याचे कारण असे की लेड-ॲसिड बॅटरीतील रासायनिक क्रिया थंडीत मंदावते. शून्य अंशाला ती आपल्या क्षमतेच्या सुमारे चार-पंचमांश आणि उणे १८ अंशांना जवळपास निम्मीच ताकद देऊ शकते. त्याच वेळी घट्ट झालेल्या ऑइलमुळे इंजिन फिरवायला मात्र जास्त ताकद लागते. शिवाय पूर्ण भरलेली बॅटरी उणे ५० अंशांपर्यंतही गोठत नाही, पण पूर्ण उतरलेली बॅटरी उणे १० अंशांच्या आसपास गोठू शकते आणि तिच्या प्लेट कायमच्या खराब होऊ शकतात. गोठलेली, फुगलेली बॅटरी कधीही चार्जरला किंवा जंपरला लावू नये. ती फुटण्याचा धोका खरा आहे.

तीन वर्षांहून जुनी बॅटरी असेल तर ती बदलूनच जावे, असे माझे स्पष्ट मत आहे. वजन कमी म्हणून लिथियम बॅटरी घेण्याचा मोह या प्रवासासाठी टाळावा. अतिथंडीत ती पहिल्या प्रयत्नाला फारच कमी करंट देते आणि शून्याखालील तापमानात चार्ज केल्यास तिचे नुकसान होते.

या गाडीला किक नाही. बॅटरी उतरली तर काय करावे?

सर्वांत सोपा उपाय रात्रीच करायचा असतो: बॅटरी काढून खोलीत उबेत ठेवावी. काढताना आधी ऋण टोक आणि लावताना शेवटी ऋण टोक, एवढे पाळले की झाले. उबदार बॅटरी आणि थंड इंजिन ही जोडी थंड बॅटरीपेक्षा कितीतरी खात्रीने सुरू होते.

तरीही वेळ आली तर लहान पोर्टेबल जंप स्टार्टर उपयोगी पडतो. तो रात्री पांघरुणात आणि सकाळी जॅकेटच्या आत ठेवावा, कारण त्याच्यातही लिथियम सेलच असतात. चारचाकीच्या बॅटरीवरून जंप घेताना चारचाकीचे इंजिन बंद ठेवावे.

धक्का मारून सुरू करायची असल्यास उतार शोधावा, दुसरा किंवा तिसरा गिअर टाकावा आणि क्लच दाबून गाडी थोडी पुढे-मागे करून चिकटलेल्या क्लच प्लेट आधी सुट्या कराव्यात. रस्त्यावर बर्फ असेल तर मागचे चाक नुसते घसरते, म्हणून कोरडा पट्टा पाहावा. इंजेक्शनच्या गाडीत फ्यूएल पंपालाच करंट लागतो. बॅटरी पूर्ण निपचित असेल तर कितीही धक्के मारले तरी ती सुरू होणार नाही आणि उंचीवर त्या श्रमाने आपलाच दम जातो.

कोणते इंजिन ऑइल वापरावे?

कंपनीने या इंजिनासाठी सांगितलेले १५डब्ल्यू-५० हेच ऑइल हंगामाच्या टोकाच्या प्रवासालाही पुरते. यातील ‘डब्ल्यू’च्या आधीचा आकडा थंड असतानाची प्रवाहिता सांगतो. १५डब्ल्यू ऑइलची सेल्फ फिरवण्याची कसोटी उणे २० अंशांवर घेतली जाते, २०डब्ल्यूची उणे १५ वर आणि १०डब्ल्यूची उणे २५ वर. आपल्याकडे अनेक गॅरेजमध्ये सर्रास भरले जाणारे २०डब्ल्यू-५० महाराष्ट्रातील उन्हाळ्याला ठीक असले तरी तिकडे नेऊ नये. पाऱ्याचा अंदाज उणे १५ च्या खालचा असेल तर १०डब्ल्यू-५० चा विचार करता येतो. कोणतेही ऑइल घेताना डब्यावर जासो एमए किंवा एमए-२ (दुचाकीच्या ऑइलचे मानक) लिहिलेले आहे याची खात्री करावी, कारण या गाडीचा क्लच त्याच ऑइलमध्ये बुडालेला असतो आणि चारचाकीचे ऑइल घातल्यास तो घसरू लागतो. महाराष्ट्रातून निघताना नवे ऑइल आणि नवा फिल्टर असावा. अर्धे वापरलेले ऑइल घेऊन जाऊ नये.

कार्बोरेटरची गाडी पहाटे कशी सुरू करावी?

चोक (थंड इंजिनाला जास्त पेट्रोल देणारी कळ) पूर्ण ओढावा, क्लच दाबावा, दिव्याचे बटण बंद आहे ना ते पाहावे आणि थ्रॉटलला अजिबात हात न लावता सेल्फ मारावा. थ्रॉटल उघडला की चोकची वाट निष्प्रभ होते. घाईत रेस पिळत सेल्फ मारणाऱ्यांची गाडी सुरू न होण्याचे हेच मुख्य कारण आहे. एका वेळी पाच सेकंदांहून जास्त सेल्फ मारू नये आणि मधे निदान अर्धा मिनिट थांबावे, म्हणजे बॅटरी थोडी सावरते. सुरू झाल्यावर मिनिटभराने चोक थोडा थोडा आत ढकलावा. मग हलक्या हाताने गाडी चालवतच इंजिन गरम होऊ द्यावे. जागेवर पंधरा मिनिटे रेस करत राहिल्याने इंजिन नीट तापत नाही आणि प्लग मात्र काळा होतो.

इथे एक गोष्ट समजून घेतली पाहिजे. थंड हवा घट्ट असल्यामुळे मिश्रणात पेट्रोल कमी पडते, तर उंचीवरील विरळ हवेमुळे पेट्रोल जास्त होते. ५,००० मीटरच्या आसपास हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्म्याहून थोडाच अधिक असतो. त्यामुळे पहाटे चोकशिवाय न जागणारी गाडी दुपारी बारालाचा किंवा तंगलंग खिंडीच्या चढावर गुदमरल्यासारखी, जास्त पेट्रोल पीत चालते, आणि त्यात चोक जरासा उघडा राहिला असेल तर प्लग पार काजळतो. आठ-दहा दिवसांच्या प्रवासासाठी जेट (कार्बोरेटरमधील पेट्रोल सोडणारे बारीक छिद्र) बदलण्याच्या फंदात पडू नये. उंचीवर बारीक जेट बसवून खाली पठारावर उतरलात तर मिश्रण धोकादायकरीत्या पातळ होते आणि इंजिन तापते. स्वच्छ फिल्टर, चांगला प्लग आणि खालच्या गिअरमध्ये संयमाने चढणे, एवढ्यावर ही गाडी कोणतीही खिंड पार करते.

इंजेक्शनच्या गाडीला काही वेगळे करावे लागते का?

किल्ली लावल्यावर फ्यूएल पंपाचा बारीक गुणगुण आवाज येतो. तो थांबेपर्यंत थांबावे आणि मगच सेल्फ मारावा. थंडीत एकदा किल्ली बंद करून पुन्हा लावल्यास पंप पुन्हा दाब भरतो आणि पहिल्याच प्रयत्नाला गाडी सुरू होण्याची शक्यता वाढते. तापमान आणि हवेचा दाब सेन्सर मोजतात, त्यामुळे चोकची किंवा उंचीची चिंता नसते. मात्र या गाड्यांना दिवा कायम लागलेला असतो आणि पंपही करंट घेतो, म्हणून बॅटरीवरील तिची भिस्त कार्बोरेटरच्या गाडीपेक्षा जास्त आहे. बर्फात गाडी आडवी पडली आणि उचलल्यावर सुरू होईना, तर किल्ली एकदा बंद करून पुन्हा लावावी. पडल्यावर इंजिन बंद करणारा सेन्सर त्याने पूर्ववत होतो.

पेट्रोल गोठते का? मग थंडीत गाडी मधेच बंद का पडते?

तिथल्या थंडीत पेट्रोल गोठत नाही. घट्ट होते ते डिझेल. आपल्या गाडीत गोठते ते पेट्रोलमधले पाणी. अर्धी टाकी रात्रभर थंडीत राहिली की टाकीच्या रिकाम्या भागातील हवेचा दमटपणा पत्र्यावर जमतो आणि खाली उतरतो. आताच्या पेट्रोलमधील इथेनॉल काही प्रमाणात पाणी शोषून घेते, पण तापमान जितके कमी तितकी ही शोषण्याची मर्यादा कमी होते आणि त्यानंतर पाणी व इथेनॉल एकत्र होऊन तळाशी वेगळे होतात. म्हणूनच मुक्कामाला पोहोचल्यावर, सकाळी नव्हे तर संध्याकाळीच, टाकी काठोकाठ भरण्याची सवय लावावी.

कार्बोरेटरच्या गाडीत आत काय साठले आहे ते डोळ्यांनी पाहता येते. इंजिन थंड असताना आणि आसपास विडी-सिगारेट नसताना, फ्लोट बाउलच्या (कार्बोरेटरखालील पेट्रोल साठवणाऱ्या वाटीच्या) तळाशी असलेल्या नळीखाली पारदर्शक प्लॅस्टिकची बाटली धरावी आणि ड्रेन स्क्रू अर्धा-पाऊण फेरा सैल करावा. पिवळसर पेट्रोल येईल. बाटली उजेडाकडे तिरपी केली की तळाशी त्यात न मिसळणारे, स्वच्छ, गोलसर थेंब सरकताना दिसले तर ते पाणी. सोबत तपकिरी कण असतील तर टाकी आतून गंजू लागली आहे. हे थेंब मेन जेटच्या तोंडाशी गोठतात तेव्हा गाडी मिसिंग करत बंद पडते आणि उन्हात अर्धा तास उभी राहिल्यावर काहीच न झाल्यासारखी सुरू होते. हा प्रकार आढळला तर दोन-तीन सकाळी बाउल रिकामा करत राहावे.

रेल्वेने गाडी पाठवली तर याचा काही संबंध येतो का?

येतो. पार्सलने पाठवताना टाकी पूर्ण रिकामी करावी लागते, आणि रिकामी टाकी काही दिवस दमट हवेत राहिली की गंज आणि पाणी दोन्हींना वाव मिळतो. चंडीगड किंवा दिल्लीला गाडी ताब्यात आल्यावर पहिल्यांदा पूर्ण टाकी भरावी. कार्बोरेटरची गाडी असेल तर थोडे अंतर चालवून बाउल एकदा रिकामा करावा. बॅटरीचा व्होल्टेजही तिथेच मोजावा, कारण बॅटरी बदलायची असेल तर मनालीपेक्षा चंडीगडला ते सोपे आहे.

पंजाब-हरियाणाच्या धुक्यात गाडी गुदमरते. ती बिघडली असे समजावे का?

कार्बोरेटरच्या गाडीत हा बहुधा बिघाड नसतो. पेट्रोलची वाफ होताना आजूबाजूची उष्णता खेचली जाते आणि हवा दमट असेल तर बाहेर ५-७ अंश असतानाही कार्बोरेटरच्या गळ्याशी बर्फाचा थर धरतो. त्यामुळे हा त्रास लडाखच्या कोरड्या थंडीपेक्षा डिसेंबर-जानेवारीतील अंबाल्याच्या धुक्यात जास्त होतो. लक्षण ठरलेले आहे: एका वेगाने जात असताना ताकद हळूहळू कमी होते, आयडलिंग बसते, गाडी बंद पडते आणि पाच-दहा मिनिटांनी इंजिनाच्या उष्णतेने थर वितळला की ठीक होते. खरे तर इतक्या दाट धुक्यात दुचाकी चालवूच नये. ऊन वर येईपर्यंत ढाब्यावर थांबावे.

क्लच आणि थ्रॉटलच्या केबलची काय काळजी घ्यावी?

केबलचे वरचे टोक सोडवून तिच्यातून पातळ तेल, खालच्या टोकाने स्वच्छ ठिपके पडेपर्यंत सोडावे. ग्रीस घालू नये, ते थंडीत घट्ट होते. थ्रॉटल केबलमध्ये पाणी गोठले तर सोडलेला थ्रॉटल परत येत नाही, आणि ही गोष्ट घाटात जिवावर बेतू शकते. म्हणून रोज सकाळी इंजिन सुरू करण्यापूर्वी थ्रॉटल पूर्ण पिळून सोडावा. तो खटकन मागे आला पाहिजे. हीच परीक्षा हँडल दोन्ही टोकांना वळवूनही करावी. क्लचची एक सुटी केबल जुन्या केबलच्या शेजारून आधीच ओवून, दोन्ही टोके बांधून ठेवावी. गोठलेल्या बोटांनी टाकीखालून नवी केबल ओवणे फार अवघड जाते.

किल्लीच्या भोकात शिरलेले पाणीही गोठते. निघण्यापूर्वी कुलपांत ग्रॅफाइटची पूड सोडावी. कुलूप गोठलेच तर किल्ली लायटरने किंचित गरम करून घालावी. गरम पाणी ओतू नये, ते पाच मिनिटांत पुन्हा गोठते.

टायरमध्ये हवा किती ठेवावी?

मॅन्युअलमधील आकडा पाळावा, पण तो तिथल्या सकाळी, चाके थंड असताना मोजावा. थंडी आणि उंची इथे उलट दिशांनी काम करतात. मुंबईत ३० अंशांना २८ पीएसआय भरलेला टायर अंबाल्याच्या ५ अंशांच्या सकाळी सुमारे २५ दाखवेल. तोच टायर ४,५०० मीटरवर उणे ५ अंशांत मात्र सुमारे २९ दाखवेल, कारण बाहेरचा दाबच कमी झालेला असतो. म्हणजे हवा कमी पडते ती खाली मैदानात, वर नाही. गेज आणि छोटा पंप सोबत असावा. या गाडीला ट्यूबचे टायर आहेत, पुढे २१ इंची आणि मागे १७ इंची, म्हणून दोन्ही मापांच्या ट्यूब घ्याव्यात. पाच-सहा वर्षांपूर्वीचे टायर असतील तर नक्षी शिल्लक असली तरी ते बदलावेत. कडक झालेले रबर थंड रस्त्याला धरत नाही.

बर्फ असलेल्या रस्त्यावर कसे चालवावे?

ताज्या भुसभुशीत बर्फातून दुसऱ्या गिअरमध्ये, पायदानावरून पाय न काढता, हळू आणि एकसारख्या गतीने जाता येते. काचेसारख्या पारदर्शक बर्फाचा थर, ज्याला ब्लॅक आइस म्हणतात, तो वेगळा विषय आहे. तो दिसत नाही. दिवसा वितळून रस्त्यावर आडवे वाहिलेले पाणी रात्री गोठते आणि डोंगराच्या सावलीतील वळणांवर दहा-अकरापर्यंत तसेच राहते. अशा मार्गावर सकाळी लवकर निघण्याची आपली सवय सोडावी, उशिरा निघावे आणि तीनच्या सुमारास मुक्काम गाठावा. सावलीतील वळण दिसले की त्याच्या आधीच वेग कमी करावा आणि वळणात दोन्ही ब्रेकला हात-पाय लावू नयेत. एबीएस असलेल्या गाडीलाही ब्लॅक आइसवर पकड मिळत नाही.

बर्फवृष्टीनंतर प्रशासन फक्त फोर बाय फोर किंवा चेन लावलेल्या गाड्यांना पुढे सोडते तेव्हा तिथे वाद घालू नये. कुंझुम खिंड बंद झाल्यावर काझाला जायचा मार्ग शिमला-रामपूर-नाको असा किन्नौरकडून असतो. भर जानेवारीत या मार्गानेही दुचाकीवर जाऊ नये, असाच माझा आग्रह राहील.

नाला ओलांडल्यावर ब्रेकचे काय करावे?

पाण्यातून बाहेर आल्यावर शंभर-दोनशे मीटर दोन्ही ब्रेक हलके दाबत चालवावे, म्हणजे पॅड आणि डिस्क कोरडे होतात. मुक्कामाच्या अगदी आधी नाला लागत असेल तर हे विसरू नये, नाहीतर पॅड डिस्कला गोठून चिकटतात. चिकटलेच तर गाडी हलकेच पुढे-मागे करावी, हातोडी मारू नये. ब्रेक ऑइल दोन वर्षांहून जुने असेल तर निघण्यापूर्वी बदलावे.

रात्री गाडी कुठे आणि कशी उभी करावी?

वाऱ्याच्या आडोशाला, भिंतीलगत आणि शक्यतो सकाळचे पहिले ऊन जिथे येते तिथे. साइड स्टँडखाली लाकडाचा तुकडा किंवा चपटा दगड ठेवावा, पहिला गिअर टाकावा आणि चेन गरम असतानाच तिला ल्यूब लावावे. बॅटरी काढून खोलीत न्यावी. कव्हर घालायचे तर कोरडे घालावे, ओली ताडपत्री सकाळी गाडीला चिकटलेली आढळते.

ट्रकवाले टाकीखाली शेकोटी पेटवतात. आपण इंजिनाखाली पेटवावी का?

कधीही नाही. ट्रकमध्ये डिझेल असते, आपल्या गाडीत पेट्रोल आणि त्याची वाफ असते. इंजिनावर उकळते पाणी ओतणेही चूक आहे, थंड ॲल्युमिनियमला त्याने तडा जाऊ शकतो. गरम पाण्यात पिळलेले फडके कार्बोरेटरभोवती पाच मिनिटे गुंडाळणे एवढे पुरते. बंद शेडमध्ये किंवा खोलीच्या दाराशी इंजिन चालू ठेवू नये. कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो, वासही नसतो. हाच नियम कोळशाची शेगडी खोलीत घेऊन झोपण्यालाही लागू आहे.

स्वतःच्या शरीराची काळजी कशी घ्यावी?

गाडीच्या आधी माणूस निकामी होतो. हवा शून्य अंश असेल आणि आपण ताशी ६० किलोमीटरने जात असू, तर उघड्या कातडीला ती उणे ९ अंशांसारखी लागते. अंगालगत सुती बनियन घालू नये, घाम धरून ठेवते. लोकरी किंवा थर्मल कपडे, त्यावर उबदार थर आणि सर्वांत बाहेर वारा अडवणारे जॅकेट असावे. हँडलवर बसवायचे मफ दिसायला बोजड असले तरी कोणत्याही महागड्या हातमोज्यापेक्षा जास्त काम करतात, आणि अडचणीत हातमोज्याच्या आत साधे रबरी ग्लोव्ह घातले तरी वारा अडतो. हीटेड ग्रिप बसवणार असाल तर रिलेवर, किल्लीसोबत बंद होतील अशा बसवाव्यात. हेल्मेटची काच धुरकट होऊ नये म्हणून पिनलॉकचा थर बसवावा. धुरकट काच वर करून चालवल्यास डोळ्यांत पाणी येऊन दृष्टी जाते.

बोटे दुखायची थांबून बधिर झाली, पांढरी पडली, तर लगेच थांबून काखेत धरावीत. त्यांना चोळू नये आणि सायलेन्सरवर शेकू नये, कारण बधिर बोटांना भाजलेले कळत नाही. सोबत्याचे बोलणे अडखळू लागले किंवा तो विनाकारण चिडू लागला तर तो गारठला आहे, असे समजून तिथेच थांबावे. ३,००० मीटरच्या वर मुक्कामाची उंची दिवसाला ५०० मीटरहून जास्त वाढवू नये. लेह ३,५०० मीटरवर आहे, तिथे विमानाने पोहोचलात तर किमान दोन दिवस विश्रांती घ्यावी. डोकेदुखी, मळमळ वाढत असेल तर उतरणे हाच उपाय आहे, आणि गोळ्यांचा निर्णय निघण्यापूर्वीच डॉक्टरांना विचारून घ्यावा.

ऑइलच्या काचेत दुधाळ थर दिसतो. इंजिनात पाणी शिरले का?

लहान-लहान अंतरे चालवली असतील तर बहुधा नाही. इंजिन पुरेसे तापले नाही की ज्वलनातून आलेली वाफ आत साठते आणि ऑइलशी घुसळून तसा थर धरतो. तासभर सलग चालवल्यावर तो जातो. काही जण ऑइल कूलरवर पुठ्ठा लावतात. मैदानात ते चालते, पण घाटाच्या चढावर तो काढलाच पाहिजे. नाला ओलांडताना इंजिन बुडाले असेल आणि थर जात नसेल, तर मात्र ऑइल तातडीने बदलावे.

परत आल्यावर काय करावे?

पहिल्या आठवड्यातच गाडी खालून-वरून साध्या पाण्याने धुवावी, प्रेशरचा फवारा बेअरिंग आणि ब्रेककडे धरू नये. नंतर ऑइल आणि फिल्टर बदलावा, चेन रॉकेलने स्वच्छ करून नव्याने ल्यूब लावावे, चाकांचे स्पोक एकेक वाजवून पाहावेत आणि ज्याचा आवाज बद्द येतो तो आवळून घ्यावा. १०डब्ल्यू-५० भरले असेल तर आता पुन्हा १५डब्ल्यू-५० भरावे. प्लग काढून त्याचा रंग पाहावा. कोरडी काळी काजळी असेल तर ती बहुधा उंचीवरची आहे, नवा प्लग लावल्यावर तीनशे-चारशे किलोमीटरनंतर तो पुन्हा पाहावा. ओली, तेलकट काळी असेल तर रिंग आणि व्हॉल्व्ह सीलची तपासणी पुढच्या हंगामापर्यंत लांबवू नये.